नवऱ्याचा रिपोर्ट घरी सांगायचा का?

चिंचगूळ | ५ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार. चार वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३२, यांचं ३६. लग्नाला सहा वर्षं झाली. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं असं एकत्र घर आहे. यांचं नवी पेठेत कापडाचं दुकान. पहिली दोन वर्षं आम्हीच थांबलो होतो. मग सासूबाईंनी सांगितलं तिथे तिथे जाऊन आले, रूपाभवानी, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. त्याबद्दल तक्रार नाही, माझीही श्रद्धा आहे.

मग डॉक्टर. माझं थायरॉइड झालं, अंड्यांचा साठा बघायची एएमएच तपासणी झाली, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एचएसजी एक्स-रे झाला. त्या एक्स-रेच्या दिवशी पोटात कळा येत असताना रिक्षाने एकटी घरी आले आणि हातपाय धुऊन भाकरी थापायला बसले, कारण घरी मी बँकेत गेले होते असं सांगितलं होतं. सगळं नॉर्मल निघालं. तरी पुढे दीड वर्ष अंडं फुटायच्या गोळ्या मलाच चालू होत्या. यांची तपासणी करा असं त्या दवाखान्यात कुणी एकदाही म्हटलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. दिवाळीनंतर डॉक्टर बदलले, तिथे पहिल्याच भेटीत यांची तपासणी झाली. शुक्राणूंची संख्या मिलीलिटरला ३० लाख, हालचालही कमी. इक्सी, म्हणजे शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडायचा उपचार, करावं लागेल म्हणाले.

हे आठ दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळे उपचार करू, पण हे आपल्या दोघांतच ठेव." मी शब्द दिला.

आता संक्रांत आठवड्यावर आलीय. गेल्या वर्षी हळदीकुंकवाला एका मावशींनी माझी ओटी भरायची टाळली, शेजारच्या सुनेची भरली. सासूबाई बाजूलाच होत्या, काही बोलल्या नाहीत. यंदा मला तिथे बसायचं आहे आणि माझ्या पर्समध्ये तो कागद आहे.

सांगावं का? आणि उपचार सोलापुरात करावेत की पुण्यात?


कडक_भाकरी | ५ जानेवारी, रात्री ११:३२

ताई, रिक्षाने एकटी घरी आले आणि भाकरी थापायला बसले, इथे माझं वाचणं थांबलं. आधी एक घट्ट मिठी. बाकीचं सकाळी लिहिते.


हुतात्मा_साडेसहा | ६ जानेवारी, सकाळी ७:०५

मी पुरुष आहे, होटगी रोडला राहतो. माझाही असाच रिपोर्ट होता, तुमच्या मिस्टरांपेक्षा थोडा बरा. म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलतो. ते आठ दिवस बोलले नाहीत, मी तीन आठवडे बोललो नव्हतो. आपल्याकडे मुलगा वाढतो तेव्हा त्याला कुणी सांगतच नाही की हेही एक अवयवाचं काम आहे, यकृतासारखं, डोळ्यासारखं. चष्मा लागला तर आपण लपवत नाही. हा कागद मात्र हातात आला की वाटतं, आपल्यातला पुरुषच नापास झाला. बायकोशी संबंध नीट आहेत, ताकद आहे, आणि तरी संख्या कमी असू शकते, हे मला डॉक्टरांनी तीनदा समजावल्यावर डोक्यात शिरलं.

आता पुणे की सोलापूर. आम्ही दोन्ही केलं. रोजची इंजेक्शनं साधारण दहा-बारा दिवस चालतात आणि मधे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. आम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचो आणि त्याच गाडीने रात्री परत यायचो. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इंजेक्शनं, बायको खिडकीशी डोळे मिटून. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, हे बंद. दुसऱ्या वेळी सोनोग्राफ्या आणि इंजेक्शनं इथेच केली, अंडी काढायला आणि गर्भ सोडायला फक्त पुण्याला गेलो. दोन्हीकडचे डॉक्टर आपसात बोलायला तयार असतील तर हे जमतं, तयार आहेत का ते सुरू करण्याआधीच विचारून घ्या. औषधं, प्रवास, राहणं धरून एका वेळेला आम्हाला दोन लाखांच्या पुढे गेलं. पहिलं फसलं. दुसऱ्याने मुलगी झाली, आता अडीच वर्षांची आहे.

सांगायचं का, यावर माझं मत: तो कागद त्यांचा आहे, सांगायचा त्यांनीच. मी आईला स्वतः सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दुखतं का रे?"


जुनी_गिरणी | ६ जानेवारी, सकाळी ९:२०

माझं वय ६८. मत वेगळं आहे, राग मानू नये.

नवरा-बायकोतल्या गोष्टी चार भिंतींत राहाव्यात. मुलीने शब्द दिलाय, तो पाळावा. एकदा घरात कळलं की भावकीत कळतं, भावकीतून दुकानात, आणि नवी पेठेत गिऱ्हाईक काय काय बोलतं हे मी चाळीस वर्षं ऐकलंय. त्या पोराला उद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं आहे. उपचार करा, मूल होईल, मग कुणी काही विचारणार नाही.


शेंगाचटणी | ६ जानेवारी, सकाळी ९:४१

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलते. त्या पोराला गल्ल्यावर बसायचंय हे तुम्हाला दिसलं. ह्या पोरीला गेली सहा वर्षं हळदीकुंकवात बसायचंय ते? तिच्याबद्दल चुकीचं सगळ्या पेठेत पसरलंय आणि त्याला कुणी चार भिंती घातल्या नाहीत. खरं झाकलं जातं आणि खोटं फिरतं, आणि दोन्हीचा भार एकाच माणसावर.

शब्द पाळणं वेगळं. आपल्यावरचा खोटा आळ निमूट वाहणं वेगळं.


जुनी_गिरणी | ६ जानेवारी, सकाळी १०:१५

मुद्दा पटला. मी तिच्या बाजूने पाहिलं नव्हतं. तरी तिने परस्पर सांगू नये, हे मत कायम.


कडक_भाकरी | ६ जानेवारी, दुपारी १:५०

काल म्हटल्याप्रमाणे लिहितेय. माझ्या बाबतीत दोष माझ्यात होता. दोन्ही नळ्या बंद. कारण शोधता शोधता गर्भाशयाचा टीबी निघाला. ना खोकला, ना ताप, पाळी थोडी कमी झाली होती इतकंच. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते मुकाट्याने वाढतं. सहा महिने गोळ्या घेतल्या, मग आयव्हीएफ. अंडं आणि शुक्राणू बाहेर काचेत एकत्र आणतात, त्यामुळे नळीचं काम वगळलं जातं. मला मुलगा झाला.

हे का सांगतेय? तेव्हा माझ्या नवऱ्याने घरी सांगितलं, "आमच्यात अडचण आहे." हिच्यात म्हणाला नाही, आमच्यात म्हणाला. कुणी खोदून विचारलं तरी शेवटपर्यंत तेच. खोटं काहीच नव्हतं त्यात. ताई, तुमच्या यांना एवढं तरी म्हणायला सांगा. रिपोर्ट उघड करायला नको, शब्दही मोडायला नको, आणि बोट तुमच्या एकटीकडे राहणार नाही.


सातरस्ता | ६ जानेवारी, दुपारी २:१०

आमच्यात. +१.


रंगारी | ६ जानेवारी, रात्री ९:३०

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत रंगखात्यात आहे. टॉवेलचं सूत रंगवतो. बारा वर्षं झाली. बॉयलर शेजारीच. उन्हाळ्यात बाहेर ४३, आत किती ते मोजलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. बायकोची दोनदा दुर्बीण झाली. माझी तपासणी कधी केली नाही, कुणी सांगितली नाही. हा धागा वाचून कसंतरी व्हायलंय. उष्णतेने खरंच फरक पडतो काय?


काचेपलीकडे | ६ जानेवारी, रात्री ११:५५

मी भ्रूणतज्ज्ञ आहे. आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत काम करते. मूळची सोलापूरची, म्हणून राहवलं नाही. इथे वाचून कुणी औषध घेऊ नका, फक्त काय विचारायचं ते समजून घ्या.

रंगारीदादा, फरक पडतो. वृषणं शरीराबाहेर असतात त्याचं कारणच हे, शुक्राणू बनायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. बॉयलर, भट्टी, तासन् तास ड्रायव्हिंग, मांडीवरचा लॅपटॉप, रोजचं कढत पाणी, यांनी काही जणांत संख्या आणि हालचाल घटते. पण तुमच्या खात्यातल्या कितीतरी जणांना मुलं आहेत, म्हणून तपासल्याशिवाय उष्णतेलाच कारण ठरवू नका. काही जणांच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. ते नुसत्या तपासणीत कळतं आणि पुष्कळदा दुरुस्त होतं. तुमच्या मिसेसची दोनदा भूल देऊन दुर्बीण झाली आणि तुमची साधी तपासणी नाही, हे बदलायला हवं. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, एवढंच पथ्य.

चिंचगूळताई, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा मिलीलिटरला १ कोटी ६० लाख धरली आहे. तिच्या खाली म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण ३० लाख खरोखर कमी आहे. मात्र एका तपासणीवर काही ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्या काळात डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर आजचा रिपोर्ट त्या तापाचा असू शकतो. यांना दिवाळीआधी ताप आला होता का? आणि संख्या ५० लाखांच्याही खाली असेल तर इक्सीच्या आधी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राची तपासणी करून घ्यायला सांगतात, कारण काही दोष मुलग्याकडे तसेच जातात. हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?

इक्सी म्हणजे काय तेही सांगते, कारण पेशंट फार घाबरून येतात. साध्या आयव्हीएफमध्ये एका अंड्याभोवती हजारो शुक्राणू सोडतो आणि त्यातला एक आपला आपण आत जातो. इक्सीत आम्ही एक चांगला शुक्राणू निवडतो आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने अंड्यात सोडतो. या पद्धतीने पहिली मुलं १९९२ साली ब्रुसेल्समध्ये झाली. म्हणून लाखोंची गरज उरत नाही, जितकी अंडी तितके शुक्राणू पुरतात. ज्यांच्या वीर्यात एकही दिसत नाही, त्यांच्याही वृषणातून सुईने काढून काही वेळा जमतं.

अंडी काढायच्या साधारण ३५ तास आधी एक इंजेक्शन असतं, ते अगदी घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कळतं की किती अंडी फळली. चांगला वाढलेला गर्भ पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पेशींचा पोकळ गोळा, होतो. गर्भाशयात सोडून उरलेले उणे १९६ अंशांत द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. दहा अंड्यांतून पाचव्या दिवशी तीन-चार उरले तरी ती सामान्य गोष्ट आहे, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट दर दिवशीच्या फोनला कोसळतात. प्रत्येक डबीवर नाव, आणि नाव वाचायला दोघं. आम्ही अत्तर लावून आत जात नाही, गजरा घालत नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी गजरा काढून लॉकरमध्ये ठेवला होता.

तुमचं वय ३२ आहे, हे तुमच्या बाजूने आहे. पस्तिशीनंतर अंड्यांचा दर्जा घसरत जातो आणि चाळिशीजवळ फार वेगाने. म्हणून दोन-तीन महिने दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबा, दोन-तीन वर्षं थांबू नका.


चिंचगूळ | ७ जानेवारी, सकाळी ६:४०

काचेपलीकडेताई, ऑक्टोबरमध्ये यांना डेंग्यू झाला होता. सहा दिवस अश्विनी हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होते. तपासणी नोव्हेंबरच्या शेवटी. हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. गुणसूत्रांचंही नाही.

सगळ्यांचं वाचतेय. उत्तर नीट द्यायला वेळ लागेल, सगळे उठायच्या आत लिहितेय.


विजापूर_वेस | ७ जानेवारी, सकाळी १०:३०

मावा आणि गुटखा हा विषय कुणी काढला नाही. आमच्या चुलतभावाचा रिपोर्ट असाच होता, दिवसाला आठ-दहा पुड्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच बंद केलं. दुसरं म्हणजे तालमीतली पोरं. आमच्या भागात एकाने अंग कमवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली. त्याला वाटलं पुरुषाचं हार्मोन आहे, ताकद वाढेल. झालं उलटं, बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराने आतलं उत्पादनच थांबवलं आणि रिपोर्टमध्ये शून्य आलं. बंद केल्यावर काही महिन्यांनी हळूहळू परत आलं. सोलापुरात तालमी भरपूर आहेत, कुणी वाचत असेल तर जपा.


निंबाळकर_वाडा | ७ जानेवारी, दुपारी १२:०५

एवढा खर्च आणि त्रास करण्यापेक्षा सरळ एक मूल दत्तक घ्यावं. एका जिवाचं कल्याण होतं आणि प्रश्नही मिटतो.


पंढरीची | ७ जानेवारी, दुपारी ३:२०

मी दत्तक आई आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, आत्ता शाळेतून येऊन बुटांसकट सोफ्यावर उड्या मारतोय. म्हणून मी म्हणू शकते, "सरळ" या शब्दाला मला हात जोडायचेत.

आम्ही पंढरपूरला राहतो. लोकांना वाटतं आश्रमात जायचं, मूल पसंत करायचं आणि घेऊन यायचं. तसं नसतं आणि नसावंही. केंद्राच्या कारा संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते, मग समाजसेविका घरी येऊन सगळं बघतात, बोलतात, अहवाल लिहितात. जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. मग वाट. आम्हाला तीन वर्षं चार महिने लागले. फोन आला की ४८ तासांत हो-नाही कळवायचं. आमचा फोन आला तेव्हा आषाढीची गर्दी होती, घरात दहा वारकरी जेवायला, आणि मी मोरीत दार लावून त्याचा फोटो बघितला.

दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टातून यायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेतून भेट असते. सोलापुरात पाखर संकुल आहे, आमच्या पंढरपुरात नवरंगे बालकाश्रम १८७५ पासून आहे. माहिती विचारायला जायला हरकत नाही, पण मूल मिळतं ते कारामधूनच. दवाखान्यातून, आयाबाईंकडून, ओळखीतून "एक बाळ आहे" असं कुणी म्हणालं तर तो गुन्हा आहे, त्या वाटेने जाऊ नका. उद्या ते मूल तुमच्या मांडीवरून उचलून नेतील.

आणि निंबाळकरदादा, दत्तक म्हणजे प्रश्न मिटवायचं साधन नव्हे. माझा मुलगा कुणाच्या आयव्हीएफच्या जागी आलेला नाही. पोटचं होत नाही याचं रडू आम्ही दोघांनी आधी पूर्ण रडून घेतलं, मग नोंदणी केली. ते रडू न रडता आलो असतो तर त्याच्यात कुणाला तरी दुसऱ्यालाच शोधत बसलो असतो.


निंबाळकर_वाडा | ७ जानेवारी, दुपारी ४:००

ताई, चुकलं. हलकं बोललो. मुलाला आशीर्वाद.


वाचनवेडा_सोलापूर | ७ जानेवारी, रात्री ८:४५

थोडं अवांतर, पण सांगावं की लपवावं याच्याशी जोडलेलं आहे.

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८, इंग्लंड. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांनी तर गोठवून ठेवलेला गर्भ वापरला होता. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. सरकारी समितीने दावा फेटाळला, परदेशी जाऊन काम मांडू दिलं नाही, पुढे बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्टला हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून. देशातली पहिली म्हणून तिचंच नाव लागलं. पुढे १९९७ मध्ये याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदवह्या वाचल्या आणि स्वतः पुढे होऊन सांगितलं, पहिले आम्ही नव्हे, ते. आपल्या नावावरचा मान असा उतरवून दुसऱ्याला देणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

दुर्गाचे आईवडील लोकांच्या भीतीने वर्षानुवर्षं गप्प राहिले. ती पंचवीस वर्षांची झाल्यावर जाहीरपणे समोर आली. ते आधी बोलले असते तर डॉक्टर वाचले असते का, असं मी पूर्वी विचारायचो. आता नाही विचारत. त्या काळात लहान मुलीला सांभाळायचं होतं त्यांना. पण गप्प बसण्याची किंमत कुणीतरी देतंच, आणि बहुतेक वेळा ती भलत्याच माणसाला द्यावी लागते.


जुनी_गिरणी | ७ जानेवारी, रात्री ९:३०

हे माहीत नव्हतं. वाचून बराच वेळ बसलो.


मोदी_स्टेशन | ८ जानेवारी, दुपारी १२:१५

कायद्याबद्दल विचारायचं आहे. माझं वय ४१, अंडी संपत आली म्हणतात. सख्खी बहीण अंडी द्यायला तयार आहे. चालेल का?


काचेपलीकडे | ८ जानेवारी, रात्री १०:२०

मोदी_स्टेशन, आता नाही चालत. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याप्रमाणे अंडी नोंदणीकृत बँकेमार्फतच येतात आणि देणारीची ओळख गुप्त राहते. तिचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच देता येतं, आणि सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत. पूर्वी गरीब बायकांना पुन्हा पुन्हा इंजेक्शनं देऊन वापरलं जायचं, म्हणून ही बंधनं आली. मला ती योग्य वाटतात, जरी तुमच्या बहिणीचं मन मोडत असलं तरी. उपचार घेणाऱ्या बाईचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत लागतं. होणारं मूल कायद्याने सर्वार्थाने तुमचंच. सरोगसीही आता पैसे घेऊन करता येत नाही, फक्त स्वेच्छेने.

आणि कुणी मुलगाच करून देतो म्हणालं तर तिथून उठून या. तो गर्भलिंग निवडीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आयव्हीएफमध्येसुद्धा.


थांबलोय | ८ जानेवारी, रात्री ११:४०

आमचं आयव्हीएफ चार वेळा झालं. चार वेळा नाही आलं. एकदा सात आठवडे राहिलं होतं.

सगळ्या धाग्यांत शेवटी मूल होतं, म्हणून लिहितोय. आमचं झालं नाही आणि आम्ही थांबलो. मी ४५, ती ४३. दत्तकही घेतलं नाही, तेवढं बळ उरलं नव्हतं. जुळे सोलापुरात दोन खोल्या आहेत, गच्चीत तिने चाळीस कुंड्या लावल्यात. उन्हाळ्यात त्यांना दोन वेळा पाणी लागतं, म्हणून आम्ही मे महिन्यात कुठे जात नाही.

चिंचगूळताई, एकच सांगतो. सुरू करायच्या आधी दोघांनी बसून ठरवा, किती वेळा आणि किती पैसे. आम्ही ठरवलं नव्हतं. चौथ्याच्या वेळी तिला नको होतं आणि मला हवं होतं, आणि ती माझ्यासाठी टेबलावर झोपली. ते मला अजून टोचतं.


पंढरीची | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

दादा, तुमचं लिहिणं इथे हवंच होतं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.


चिंचगूळ | २६ जानेवारी, दुपारी ४:३०

धागा वर काढतेय. उशीर झाला.

हा धागा मी यांना वाचायला दिला. आधी भीती वाटली की रागावतील, सगळं चव्हाट्यावर मांडलं म्हणून. दुकान बंद करून आले, जेवले, आणि गच्चीवर बसून रात्री दीडपर्यंत वाचला. खाली येऊन म्हणाले, "एचएसजीच्या दिवशी तू रिक्षाने आली होतीस?" त्यांना तेही माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. दुसरं काही बोलले नाहीत.

गड्डा यात्रेच्या गर्दीत दुकानात वेळ नव्हता. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला आम्ही सगळे संमती कट्ट्यावर गेलो होतो. परत आल्यावर यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. मी ताटं पुसत होते. म्हणाले, "आई, मूल होत नाही ते माझ्यामुळे. हिचं सगळं चांगलं आहे. माझं औषध सुरू होणार आहे." "आमच्यात" असं म्हणायचं ठरलं होतं, कडक_भाकरीताईंनी सांगितलं होतं तसं, पण ते पुढे निघून गेले.

सासूबाई खाली बसल्या. मग मला म्हणाल्या, "आणि तू कशाला गप बसलालीस इतके दिस?" रागाने म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सासरे अजून यांच्याशी धड बोलत नाहीत, दुकानाचं तेवढं बोलतात. सगळं छान झालं असं नाही.

हळदीकुंकू मात्र सांगते. त्याच मावशी आल्या होत्या. वाण घेता घेता त्यांनी विचारलं, "हिचं काही जमतंय का?" सासूबाई तिळगूळ देत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "दोघांचंबी चालू हाय दवाखान्यात. तुम्ही आधी हिची ओटी भरा." मावशींनी भरली. तांदूळ, खण, नारळ. मी आत जाऊन खूप रडले.

फेब्रुवारीत दुसरी तपासणी, तेव्हा डेंग्यू होऊन चार महिने होतील. गुणसूत्रांची तपासणी त्याच दिवशी. इक्सी लागलंच तर इंजेक्शनं इथे आणि पुढचं पुण्याला, दोन्ही डॉक्टरांना विचारून घेतलंय. दोन वेळा, त्यापुढे नाही, हे आम्ही वहीत लिहून दोघांनी सही केली. थांबलोयदादा, ते तुमच्यामुळे.

जुनी_गिरणी काका, यांनी तुमचं लिहिणंही वाचलं. म्हणाले, या माणसाला मी ओळखत असणार, गिऱ्हाईक असतील आपले.


जुनी_गिरणी | २६ जानेवारी, सायंकाळी ६:१५

पोराला सांगा, दुकानात येऊन जाईन. कोण ते सांगणार नाही, पण दोन टॉवेल घेईन.


रंगारी | २८ जानेवारी, रात्री १०:०५

तपासणी केली. काल रिपोर्ट आला. संख्या ९० लाख. डॉक्टरांनी हाताने तपासलं, डाव्या बाजूला शिरा फुगल्यात म्हणाले. तीन आठवड्यांनी परत एकदा तपासणी करा म्हणाले, मग ऑपरेशनचं बघू. रंगखात्यातून पॅकिंगला बदली मागितलीय, मालक हो म्हणालेत.

बायकोला रिपोर्ट दाखवला. तिने दोनदा वाचला आणि घडी घालून तिच्या दुर्बिणीच्या फाईलमध्ये ठेवला. म्हणाली, आता एकच फाईल करू.


काचेपलीकडे | २८ जानेवारी, रात्री ११:३०

दादा, दुसऱ्या तपासणीला जाताना ती अख्खी फाईल न्या. आणि आकडा आला की इथे कळवा, मी बघेन.